न जाळलेली मधपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. माझ्या लाकडाला अजूनही मेणाचा गोड वास आहे, आणि तेच माझे दुखणे आहे.

एका सुताराने मला आपल्या लेकीसाठी, म्हणजे ताईसाठी घडवले. खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून. "फट सापडली तर सुतार म्हणू नकोस मला," असे तो ऐटीत म्हणाला होता. मी त्याच्या हातचे शेवटचे काम ठरले. पुढे ताईच्या परसात पुष्कळ पेट्या आल्या, पण घरची थोरली मीच. पहिला मध माझ्यातलाच निघे, आणि चाखणारा प्रत्येक जण माझे कौतुक करी.

मग एका वर्षी माझ्यातल्या माशा रोडावल्या. ताईने मूठभर माशांवर पिठीसाखर भुरभुरून त्या चाळल्या, तर त्यांच्या अंगाला चिकटलेले चार तांबडे किडे सुटून खाली पडले.

"सापडला चोर!" ती म्हणाली.

किड्यांवर औषध झाले आणि ती निर्धास्त झाली. किडे खरेच होते हो, पण घरात शिरलेला खरा मारेकरी दुसराच होता. त्याच आठवड्यात तिने मधाने भरलेली माझी एक पोळ्याची चौकट शेजारच्या अशक्त पेटीला दिली. मायेने दिली. त्या मधातून रोगही गेला.

काही दिवसांनी माझ्यातल्या पिलांच्या घरांची झाकणे खचली, काळवंडली. कुजकट वास सुटला. ताईचा धाकटा भाऊही माशा पाळणारा. त्याने एका घरात काडेपेटीतली काडी घालून हळूच वर ओढली. अळीऐवजी चिकट, तपकिरी तार निघाली.

"ताई, पिलं सडण्याचा रोग आहे हा. पेटी जाळावी लागेल."

"बाबांच्या हातची आहे रे ती!"

"असू दे. याचं बीज लाकडात वर्षानुवर्षं मरत नाही."

"मी खरवडून काढते, उकळत्या पाण्यानं धुते. मग तर झालं?"

तिने चौकटी जाळल्या आणि मला घासून घासून धुतले. उन्हात वाळवून माझ्यात नव्या माशा वसवल्या. मित्रांनो, मी त्यांना घर दिले नाही, मरण दिले. पुढच्या बहराआधीच तीच तार निघाली. शेजारच्या पेटीत निघाली, मग तिच्याही शेजारच्या पेटीत. शेवटी ताईने परसात खड्डा खणला. संध्याकाळी माशा परतल्या की ती एकेका पेटीचे दार बंद करी आणि रडत रडत ती पेटी जाळी.

मलाही तिने काठापर्यंत नेले होते. मग पोटाशी धरून माघारी आणले.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. ताई अधूनमधून येते, झाकणावरून हात फिरवते आणि जाते. परसात गुणगुण उरलेली नाही.

जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मी मात्र हात जोडून उलटे मागते आहे, कारण आज सकाळी फुटक्या काचेतून दोन रानमाशा आत आल्या. घर शोधत होत्या. माझ्या चारही भिंतींवरून त्या फिरल्या, कोपरान् कोपरा तपासला. त्यांना कुठे फट सापडली नाही. खूश होऊन आपल्या थव्याला बोलवायला गेल्या.

कोणीतरी ताईला सांगा हो. थवा यायच्या आत मला जाळा. मला ओरडून त्यांना हाकलता येत नाही. माझ्याकडे आहे तो फक्त हा गोड वास.