बेल वाजवून जाणारे

चावीवाल्याने त्या रविवारी मनाशी पक्कं केलं होतं. मंडळीतल्या एकाने जरी विचारलं, इतके दिवस कुठे होतास बाबा, तर ठीक. नाही तर या चर्चच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. देवाशी त्याचं भांडण नव्हतं. देव काही जिना चढून यायचा नव्हता. भांडण होतं ते जिना चढू शकणाऱ्या माणसांशी.

छातीत पाणी झालं म्हणून तो आधी इस्पितळात पडला आणि मग घरी. बायको केव्हाच गेलेली. मुलगी परगावी. ती फोनवर विचारायची, औषध घेतलंत का, आणि हा हो म्हणायचा, घेतलेलं असो वा नसो. दुकान बंद. दुकान म्हणजे तरी काय, रस्त्याकडेची एक टपरी, चाव्या घासायचं यंत्र, कानशी आणि खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. दिवसभर तो खाटेवर पडून जिन्यातली पावलं ऐकायचा. आवाजावरून कुलूप ओळखणारा माणूस, त्याचा कान तिखट. पावलं वर यायची आणि शेजारच्या दारात शिरायची. मंडळीतल्या निम्म्या लोकांची दारं त्याने उघडून दिली होती. कोणाची चावी आत राहिली, कोणाची हरवली, एकीचा नवरा रागाने चावी खिशात घालून निघून गेला. त्यातल्या एकालाही याचं दार आठवलं नाही.

शेवटच्या बाकावर तो बसला. गाणी झाली, उपदेश झाला आणि मंडळीचे वडील आजाऱ्यांसाठी प्रार्थनेला उभे राहिले. हे वडील म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांतले थोर गृहस्थ. खिडक्यांच्या काचा थरथराव्यात असा आवाज.

"हे प्रभू, आमचे चावीवाले बंधू अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या उशाशी तू बस."

चावीवाल्याने खाडकन डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले. चेहरे कळवळलेले, हात जोडलेले. देवाला उशाशी बसायला पाठवायचं आणि आपण घरी जाऊन गरम गरम जेवायचं, अशी ही सोय. त्याला खोकल्याची उबळ आली, तर पुढच्या बाकावरची बाई डोळे न उघडता श्श म्हणाली. ज्याच्या दुखण्यासाठी प्रार्थना चालली होती, त्याचंच दुखणं प्रार्थनेत अडचण करत होतं.

मग वडिलांनी शिवणाच्या बाईंसाठी प्रार्थना केली. मंडळीतल्या मुलींच्या दोन पिढ्यांना शिवण शिकवलेली ही म्हातारी आता गुडघ्यांनी घरात कोंडलेली होती. तिच्याही उशाशी देवाला पाठवण्यात आलं. आमेन झालं. चावीवालाही म्हणाला. सवय मोडत नाही.

दारात पाळकांनी त्याचा हात हातात घेतला, बरं चाललंय ना असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत मागच्या माणसाकडे हसून पाहिलं. वडील मात्र चमकले.

"अरे, आलात की तुम्ही! बघा, ऐकली देवाने आमची प्रार्थना."

"देवाने ऐकली. तुम्ही काय केलंत?"

वडिलांचं हसू तसंच राहिलं, नुसतं वाळलं. चावीवाल्याने शिवणाच्या बाईंची चौकशी केली. त्यावर वडील घाईघाईने म्हणाले, की आपण स्वतः गेलो होतो, बेल वाजवली, दार काही उघडलं नाही, झोपल्या असाव्यात. इतरही जाऊन आलेत, सगळ्यांचा हाच अनुभव.

चावीवाला तिकडे निघाला तो प्रेमाने नव्हे. रागाने निघाला. यांच्या तोंडावर फेकायला काहीतरी हवं होतं, की बघा, मी गेलो. बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. अर्ध्या जिन्यात त्याच्या छातीचा भाता झाला. कठडा धरून, थांबत थांबत तो वर पोहोचला आणि बेल दाबली.

काही नाही.

त्याने पुन्हा दाबली. आत सामसूम. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. येऊन गेल्याचं पुण्य पदरात पडलं, वर म्हातारीची रडगाणी ऐकायला नको. तो तेव्हाच उतरला असता, पण छाती भरून आली होती. म्हणून तो पायरीवर बसला, केवळ दम खायला.

दम जरा बसला तेव्हा त्याला आतून आवाज आला. फरशीवर काहीतरी सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं.

"गेलात का?" आतून बारीक आवाज आला.

"नाही."

"मग थांबा. मी निघालेय केव्हाची."

त्याने कुलपाकडे पाहिलं. जुनं, साधं. खिशातल्या तारेने एका झटक्यात उघडलं असतं.

"बाई, मी चावीवाला. बाहेरून उघडू का?"

"खबरदार! दार माझं आहे. मीच उघडणार."

त्याने तार खिशातच राहू दिली. आत वॉकर असावा; तो पुन्हा सरकू लागला. मध्येच थांबला.

"तू आजारी होतास ना रे? मी रोज तुझं नाव घेत होते देवापुढे. कोण कोण आलं होतं तुझ्याकडे?"

"कोणी नाही."

मग ती म्हणाली, "पाय असते तर मी आले असते."

या एका वाक्यासाठी चावीवाला इतके दिवस जिन्याकडे कान लावून पडला होता. आणि ते आलं कोणाकडून, तर जिला दारापर्यंत यायलाही अर्धा जन्म लागत होता.

कडी खडखडली. दार उघडलं. वॉकरवर वाकलेली, घामाने भिजलेली एक चिमुकली बाई त्याला खालून वर न्याहाळत होती.

"प्रार्थना करायला आलास?"

"नाही. बसायला."

"बस मग. खुर्ची एकच आहे, ती माझी." ती वळू लागली, वळायलाही तिला वेळ लागत होता. "आणि पुढच्या रविवारी त्या लोकांना सांग. म्हणावं, बाई झोपलेली नसते. बाई येत असते. बेल वाजवून पळू नका."

म्हणजे पुढच्या रविवारी जाणं आलं. चावीवाला मनातल्या मनात चरफडला आणि तिच्या मागोमाग, तिच्याच चालीने, आत गेला.