दुसऱ्या खुर्चीचा कर

कर खात्याचा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला आणि ताई दारातून मागे सरली. ताई म्हणजे न्हाव्याची मुलगी, आणि आता स्वतःच न्हावी. गल्लीतली निम्मी डोकी आणि जवळजवळ सगळ्या दाढ्या तिच्या हाताखालून जात. एरवी ती कुणाला भीक घालणारी बाई नव्हती. गिऱ्हाईक जास्त शहाणपणा करायला लागलं की त्याचं डोकं खाली दाबून ती म्हणायची, ‘‘हलू नका, कान जाईल.’’ गिऱ्हाईक गप्प व्हायचं. त्या सकाळी मात्र ती स्वतःच घाबरली होती.

सरकारने छोट्या दुकानांचा कर सोपा केला होता. सोपा म्हणजे सरकारला सोपा. कुणाची किती कमाई, किती खर्च, ही डोकेफोड कोण करत बसणार? त्यापेक्षा दुकानात काय उभं आहे ते मोजायचं. शिंप्याकडे मशीनं मोजायची, न्हाव्याकडे खुर्च्या. खुर्ची एकच असेल तर थोडकी रक्कम भरून सुटका. दोन झाल्या की दुकान वरच्या यादीत. त्या यादीत कोपऱ्यावरचं काचेचं सलूनही होतं, गार हवेचं, भिंतभर आरशांचं, आणि त्याचा मालक दोन खुर्च्यांच्या ताईएवढाच कर भरणार होता. हा कुठला न्याय, असं गल्लीत सगळेच म्हणत होते, पण आपसात.

शेजारच्या शिंप्याकडे तीन मशीनं होती. एकावर तो बसायचा, दुसरं केव्हाचं बिघडलेलं आणि तिसऱ्यावर त्याच्या बायकोने फुलझाडाची कुंडी ठेवली होती. तिन्ही धरली गेली. ‘‘कुंडीला पाणी घालतो, कपडे नाही शिवत हो,’’ असं तो कळवळून सांगत राहिला. आता त्याच्या दुकानाला कुलूप होतं आणि तो कुणाच्या तरी कारखान्यात दिवसभर बाह्या जोडत होता.

ताईच्या दुकानात खुर्च्या दोन. खिडकीजवळची तिची, आतली बाबांची. बाबांच्या खुर्चीवर बरेच दिवस कुणी बसलं नव्हतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला, तेव्हापासून. त्याने हसण्यावारी नेलं, पण पुन्हा उंबरठा चढला नाही. तो गाव सोडून गेला, असं बाबा सांगत. ताई त्याला दर आठवड्याला बाजारात भेटायची आणि घरी येऊन काही बोलायची नाही. बाबा रोज धुतलेला ॲप्रन घालून आपल्या खुर्चीमागे उभे राहायचे, उजवा हात खिशात घालून. कुणी आलं की ताई लगबगीने म्हणायची, ‘‘इकडे या, इथे उजेड बरा आहे.’’ बाबांनी या उजेडाबद्दल कधी विचारलं नाही.

खुर्ची काढून टाकली असती तर सगळंच निभावलं असतं. पण ती जमिनीला बोल्टने पक्की केलेली होती. ती काढायची म्हणजे बाबांना सांगायचं, तुमचा हात गेला. ज्या हाताने तिला वस्तरा धरायला शिकवलं, त्या हाताबद्दल हे बोलायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू करत ती टाळत आली आणि आता तो माणूस दारात येऊन ठेपला होता.

तिने घाईघाईने बाबांच्या हातात कात्र्या कोंबल्या आणि त्यांना धार लावून आणायला पिटाळलं. बाबा गेले आणि तो आत आला.

किडकिडीत, घामेजलेला, दाढीचे खुंट वाढलेला माणूस. राक्षस येणार म्हणून धास्तावलेल्या ताईला तो इतका साधा दिसला की तिला आणखीच भीती वाटली. राक्षसाशी भांडता तरी येतं.

‘‘दोन खुर्च्या,’’ तो म्हणाला.

‘‘साहेब, एकच चालते. ती दुसरी नुसती आहे.’’

‘‘नुसती म्हणजे? गादी पुसलेली आहे, समोर साबण, ब्रश, वस्तरा. सगळं मांडलेलं आहे.’’

‘‘ते वडील मांडतात. सवय आहे त्यांची.’’

‘‘सगळे असंच सांगतात हो ताई. मला वरून सांगितलंय, खुर्च्या मोज. कमाई मोजायची तर दिवसभर इथे बसायला माणूस पाहिजे, आणि तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत. खुर्ची निदान डोळ्यांना दिसते.’’

‘‘पण वरच्या यादीचा कर मला झेपायचा नाही. दुकान बंद करावं लागेल. घर यावरच चालतं.’’ तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं. ‘‘त्या खुर्चीवर कुणी काम करत नाही, साहेब.’’

‘‘कोण म्हणतं?’’

दारात बाबा उभे होते. धारवाल्याने अजून दुकान उघडलं नव्हतं.

बाबांनी कात्र्या ठेवल्या, ॲप्रन सरळ केला आणि आपल्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. ‘‘बसा साहेब. दाढी वाढलीय तुमची.’’

तो माणूस घुटमळला. मग बहुधा त्याला वाटलं, खरं-खोटं करायची हीच वेळ आहे. तो बसला. ‘‘बघू तरी,’’ म्हणाला.

बाबांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फेस केला, गालांना लावला. ब्रशला थरथर लपवता येते. मग त्यांनी वस्तरा उघडला. उजव्या गालावरून पहिला हात फिरला तो सफाईने, जुन्या दिवसांसारखा, आणि ताईचा ऊर भरून आला. दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आलं की दाढी अशीच नीट झाली तर दोन्ही खुर्च्या मोजल्या जातील. दुकान जाईल. तिला कळायच्या आत तिच्या मनाने मागणं मागितलं, वस्तरा लागू दे. थोडंसंच लागू दे.

आपण काय मागतोय हे तिच्या लक्षात आलं. वस्तरा आता हनुवटीखाली होता. त्या माणसाने डोकं मागे टाकलं होतं, डोळे मिटले होते, गळ्याची घाटी वरखाली होत होती. आणि बाबांचा हात हलायला लागला. आधी मनगट, मग पातं. पात्यावर उजेड लुकलुकत होता. ‘‘बाबा, थांबा,’’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ टाळूला चिकटली. भीतीने चिकटली की दुकानाच्या हिशेबाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती आपल्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

फेसात लाल रेघ उमटली.

तो माणूस ओरडलाच नाही. डोळे उघडून आरशात पाहिलं आणि पांढराफटक पडला. बाबा मागे सरले. जखम नखाएवढी होती, पण त्याने कापड गळ्यावर दाबून धरलं आणि तो उठला. अर्ध्या गालावर फेस तसाच होता. ताईने तुरटी पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

‘‘एक खुर्ची,’’ तो दारातून म्हणाला. ‘‘एकच लिहितो. पण ही काढून टाका. पुढच्या वेळी दिसली तर मला मोजावी लागेल.’’ आणि तो बाहेर पडला.

दुकान वाचलं होतं. ताईला रडूही येईना आणि हायसंही वाटेना. बाबा नळाखाली वस्तरा धूत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी धूत होते.

‘‘लिहिलं त्यांनी एकच,’’ ती म्हणाली.

‘‘ऐकलं.’’

‘‘बाबा, मी...’’

‘‘आरशात दिसत होतीस मला.’’ त्यांनी नळ बंद केला. ‘‘अगं, हात माझा आहे. मला कळत नव्हतं होय? मिजाशीत त्याला बसा म्हणालो, आणि मग वाट बघत राहिलो. आत्ता पोरगी थांबवेल, आत्ता थांबवेल. तू थांबवलं असतंस तर मी वस्तरा खाली ठेवून सांगितलं असतं, साहेब, लिहा एक. माझ्या तोंडाने सांगितलं असतं.’’

ताईने खुर्चीवर सांडलेला फेस पुसायला घेतला.

‘‘माणसाचा गळा होता तो,’’ बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कुणीतरी दारात आलं, रोजचंच गिऱ्हाईक, हसत. ‘‘बसू का?’’ त्याने विचारलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मान मागे टाकली. ताईने वस्तरा उचलला. समोर आरसा होता आणि आरशात बाबा होते, खुर्चीचे बोल्ट काढायला पाना शोधत जमिनीवर वाकलेले. तिने त्या गळ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली.