बिब्बा

अर्धी पिवळी, अर्धी काळपट — थेट झाडावरच्या बिब्ब्यासारखी... नत्थूजींच्या तळहातावर ती कॅप्सूल घरंगळत होती आणि कानांत यामिनी डॉक्टरांचं बोलणं: तुमच्या पोरीच्या गुडघ्यातली गाठ आता केमो पचवायला शिकली आहे; तिच्या पेशी नुसत्या वाढतात, वयात येऊन हाड व्हायचं विसरल्यात; ही गोळी त्यांना शहाण्या करील, आणि शहाण्या झाल्या की तीच केमो त्यांना कदाचित मारील. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत मरतात. माणसात — अजून ठाऊक नाही. पोरीला सगळं सांगा, ती हो म्हणाली तरच द्यायची.

पोर, अपेक्षा, वर्ध्याच्या इस्पितळातल्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडलेली. आता सुई नको, सिंदीला घरी न्या, असं कालच बजावून बसलेली. आणि तिला समजावणार कोण, तर चावडीवर थापा मारणारे नत्थूजी — ज्यांचा बैल म्हणे शेपटी हलवून सिंदी स्टेशनात मेलगाडी थांबवायचा! खरं बोलायची जिभेला सवय नाही, आणि आज खरं आलं वाट्याला तेही असं, की बैलानंसुद्धा लाजावं.

"बेटा, गाठीतल्या पेशी शहाण्या होऊन नाई राह्यल्या. ह्या गोळीनं होतीन. मंग केमो त्याईले मारते."

"शहाणी झाली का मारतेत," ती भिंतीलाच म्हणाली. "आपल्या घरच्यासारखंच."

नत्थूजी चपापले. ती शहाणी झाली, वयात आली, त्याच आठवड्यात तिचं खो-खो कोणी बंद केलं होतं... आणि पाय तर हाच, गाठीचा, खांबाला वळसा घेताना सगळ्यात आधी पडायचा तो.

"थाप तं नाई ना, बाबा?"

त्यांची थाप तिला लहानपणापासून ओळखू यायची. थापेला शेपूट असे — बैलाचा रंग, ड्रायव्हरच्या मिशा, गार्डानं हासडलेली शिवी. खऱ्याला शेपूट नसतं, असं तीच म्हणायची. पण आजच्या खऱ्याला होतं की... काचेची बशी. अजून ठाऊक नाही. ते पार ओठांवर आलं, आणि जन्मभर शेपट्या जोडत आलेल्या त्या माणसानं पहिल्यांदा एक छाटली.

"नाई. इतकंच हाय."

ती वळली. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, शेपूट शोधत असल्यासारखी. सापडलं नाही. "द्या मंग," तिनं हात पुढे केला.

तिच्या गळ्याखाली गोळीसकट घोट उतरला. आपली सगळ्यात बिनतोड थाप, आणि चावडीवर कधी सांगता यायची नाही... त्यांनी रिकामा तळहात धोतराला पुसला, पुन्हा पुसला. बिब्बा अंगाला लागला की तेव्हाच कुठे कळतं — उततो, फोड उठतात, ते मागाहून.