डाव्या हाताचा चुडा

नर्मदा कासारणीला माणसं तोंडावरून नव्हे, हातावरून आठवत. पन्नास वर्षं तिने मालवणच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायकांचे हात मांडीवर घेऊन बांगड्या भरल्या होत्या. हात घेतला की नखं डोळ्यांसमोर येणारच. पाण्याचा थेंब राहील अशी खोलगट नखं दिसली की ती म्हणे, "रगत कमी झाला गो, दवाखान्यात दाखव." सगळ्याच नखांवर आडवी खाच दिसली की विचारी, "मधी मोठो ताप इल्लो काय?" बहुतेक वेळा आलेला असे. यात विद्या कसली नव्हती. बघून बघून कळलेलं.

मार्गशीर्षात ती कांदळगावच्या सत्यवानाच्या घरी चुडा भरायला गेली. त्याची मुलगी रसिका हिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरीचे हात भरून झाले, थट्टामस्करी झाली, मग नवरीची आई सुगंधा पुढ्यात येऊन बसली. नर्मदाने तिचा उजवा हात हिरव्या बांगड्यांनी भरला. डावा हात घेतला, बांगडी चढवायला अंगठा तळहाताकडे दाबला आणि ती थांबली.

अंगठ्याच्या नखात मुळापासून टोकापर्यंत काळी रेघ होती, आणि रेघेवर नख चिरलं होतं.

"ह्या काय गो?"

"काय म्हणजे? काजूचो डीक!" सुगंधा हसली. "काजूवालीची नखा काय नवरीसारखी ऱ्हवतली?"

सुगंधा दर वर्षी ओले काजूगर काढून बाजारात विकायची. सालीतल्या डिकाने हात सोलतात, नखं काळी होतात, हे घरोघरचंच. म्हणून त्या रेघेकडे कोणी बघितलं नव्हतं. पण नर्मदाने मनात महिने मोजले. शेवटचे काजू वैशाखातले. डीक वरून लागतो, नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि कापला जातो. बाकीची नऊ नखं आता शिंपल्यासारखी स्वच्छ होती. गणपतीत हाच हात भरला तेव्हा रेघ दोऱ्याएवढी होती; तिलाही तो डीकच वाटला होता. आता काडीएवढी झाली होती, आणि मुळाशी नखाबाहेरच्या कातडीतही काळेपणा उतरला होता.

अशी रेघ तिने आधी एकदाच बघितली होती. काही वर्षांपूर्वी, जॉयसी नावाच्या ख्रिस्ती नवरीच्या चुड्याला, तिची आई ईडा हिच्या अंगठ्यात.

नर्मदाने बांगडी परत दोऱ्यात ओवली. "ह्यो हात मी आज भरूचंय नाय."

"काकी, काय बोलतस तू?" सुगंधाचा चेहरा उतरला. "लगीनघरात सवाष्णीचो एक हात उघडो ठेवतस?"

"आधी डॉक्टराक दाखव. मगे येऊन भरतंय."

"लगीन होऊंदे, मगे जातंय."

"ह्या लग्नासाठी थांबूचा नाय."

सत्यवान ओटीवरून आत आला. "काकी, मालवणात तूच एकटी बांगडीवाली काय? दुसरी मिळूची नाय?"

"मिळतली. पन ती नखाकडे बघूची नाय." मग चुड्याच्या दिवशी जे बोलू नये तेच नर्मदा बोलली. "ईडाच्या नखात हीच रेघ होती. शुभकार्यात वायट कित्या बोला, म्हणान मी गप ऱ्हवलंय. डॉक्टराक कळापर्यंत काखेत गाठी इल्ल्यो. तिसरो नाताळ तिना बघूक नाय. तिचो घोव, वॉल्टर, अजून वाटेत भेटलो की माका हात जोडता. माका थंय उभ्या ऱ्हवाक जमणा नाय."

रसिका उठली. "आये, उद्याच कुडाळाक जाऊया. मी येतंय."

"चुडो भरलेली नवरी भायर पडता काय गो?" सुगंधा तिच्यावरच खेकसली. पण आवाज आता पहिला राहिला नव्हता.

त्या दिवशी नर्मदाला कोणी चहा विचारला नाही. लग्नालाही ती गेली नाही. तिच्या कानावर एवढंच आलं, की कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सुगंधाला गोव्याला पाठवलं, तिथे नखाखालचा तुकडा काढून तपासायला घेतला, आणि मांडवात सुगंधा डावा हात पदराखाली घेऊन वावरली. लोक म्हणाले, कासारणीने अपशकुन केला. नर्मदाने ते ऐकून घेतलं. ती फक्त दिवस मोजत होती.

पौष सरता सरता सुगंधा स्वतःच तिच्या दारात आली. डावा अंगठा सांध्यापासून वर नव्हता.

"गाठ खंय मिळूक नाय," ती म्हणाली. "तीन-तीन म्हयन्यांनी दाखवूक जावचा आसा. पुढचा कोण सांगतला?"

नर्मदाने पाट पुढे सरकवला.

सुगंधा पाटावर बसली. "ऑपरेशनाच्या दिवशी बाजूच्या बाईच्यो बांगड्यो वाढवूक लागल्यो. रडत होती बिचारी. माझ्या उजव्या हातातल्या बांगड्यांवर नर्शीन पट्टी गुंडाळल्यान. आणि ह्या हातात तर कायच नव्हता." तिने डावा हात नर्मदाच्या मांडीवर ठेवला. "आता भर."

नर्मदाने हिरव्या बांगड्यांचा दोरा सोडला, खोबरेल तेल लावलं. पन्नास वर्षं ती अंगठ्याचं टोक धरून हात वळवत आली होती. आता धरायला टोक नव्हतं. तिने आपला अंगठा त्या जागी टेकवला आणि बांगडी हळूहळू पुढे सरकवली.

"दुखता काय गो?"

"दुखता. भर तू."