आजाऱ्याजवळ बसणं

केजच्या चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिला निरोप छबुबाईंना जायचा. त्या आधीच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. नवरा वारून बरीच वर्षं झाली, तरी लोक त्यांना पाळकीणबाईच म्हणत. खांद्याला पिशवी अडकवून त्या एसटीनं, नाहीतर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावोगाव जात. त्यांचा आवाज असा होता की प्रार्थना सुरू झाली की शेजारपाजारची माणसं दाराशी येऊन उभी राहत. बुधवारची बायकांची सभाही त्याच घ्यायच्या. बायकांनी विचारावं आणि छबुबाईंनी सांगावं, असंच चालत आलं होतं. छबुबाईंनी कुणाला काही विचारल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

जवळच्याच युसूफ वडगाव या गावचे आप्पाराव याच मंडळीतले. गवंडीकाम करायचे. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि बायको ताराबाई त्यांना डायलिसिससाठी अंबाजोगाईला नेऊ लागली. तेव्हा छबुबाई भर उपासनेत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "देवानं मला दाखवलंय. आप्पाराव या आजारातून उठणार." पुढं आप्पारावांची तब्येत ढासळत गेली, तेव्हा त्या त्यांच्या खाटेजवळ बसून म्हणाल्या, "मनात शंका असंल तर काढून टाका. शंका आली की देवाचा हात थांबतो."

उन्हाळ्यात आप्पाराव गेले. आठवणीच्या प्रार्थनेला सगळी मंडळी जमली होती. तिथं छबुबाई हळहळत म्हणाल्या, "विश्वास कुठंतरी कमी पडला." त्यांनी ते मनापासून, दुःखानंच म्हटलं होतं. त्यानंतर ताराबाई चर्चमध्ये आली नाही. दुःखानं तिचा विश्वास ढळला असं छबुबाईंनी ठरवून टाकलं, आणि दर बुधवारी तिचं नाव घेऊन त्या प्रार्थना करू लागल्या.

वर्षभरानं मंडळीत नवे पाळक आले. जीवन त्यांचं नाव, वय तिशीतलं. घरोघरी भेटी देताना ते ताराबाईकडंही जाऊन आले आणि मग एके दिवशी छबुबाईंच्या ओट्यावर येऊन बसले. छबुबाईंनी चहा ठेवला.

"ताराबाईंकडं गेलतो," जीवन म्हणाले.

"काय म्हणते? अजून देवावर रागच हाय का तिचा?"

"देवावर न्हाई. तुमच्यावर हाय."

छबुबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. जीवन म्हणाले, "बाई, तुमी दर बुधवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करता. पण आप्पाराव गेले तवा नेमकं काय झालं, हे एकदा तरी त्यांना विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? मी तिथंच होते."

"तुमी होता. पण त्यांचं ऐकलं का, ते विचारतोय."

"पाळकसाहेब," छबुबाईंचा आवाज चढला, "तुमी शाळेत जात होता तवापासून मी आजाऱ्यांच्या उशाशी बसतेय."

जीवन खाली मान घालून म्हणाले, "माझं चुकत असंल. पण एकदा जाऊन या." चहा संपवून ते निघून गेले.

काही दिवस छबुबाई धुमसत राहिल्या. भांडी घासताना, झाडू मारताना त्या मनातल्या मनात जीवनला उत्तरं देत होत्या. शेवटी त्या युसूफ वडगावला गेल्या. खरं तर त्या गेल्या त्या जीवनचं म्हणणं खोटं ठरवायला.

ताराबाई अंगणात तुरी पाखडत होती.

"सलाम, ताराबाई."

"सलाम. बसा."

छबुबाई उंबऱ्यावर टेकल्या. बराच वेळ सुपाचा आवाज तेवढा येत राहिला. मग छबुबाईंनी विचारलं, "तू कावून येत न्हाईस चर्चला? माझं काय चुकलं का?"

ताराबाईनं हात थांबवले नाहीत. "खरं सांगू का?"

"सांग."

"शेवटी शेवटी ते सारखं एकच विचारत होते. तारा, माझाच विश्वास कमी पडला का गं? देव नाराज हाय का माझ्यावर? मी म्हणायची, न्हाई हो, असं काय न्हाई. पण माझं कोण ऐकतंय? पाळकीणबाई म्हणाल्या म्हणल्यावर ते खरंच असणार, असं त्यांना वाटायचं. आजारानं माणूस जातं, त्याचं काय न्हाई. पण ते भीत भीत गेले, बाई. जन्मभर देवाचं नाव घेतलेला माणूस देवालाच भिऊन गेला."

"पण शास्त्रात..." छबुबाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. कुठलं वचन काढायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, सगळं. समोर ताराबाई सुपातले खडे निवडून बाजूला टाकत होती. छबुबाईंच्या तोंडून पुढचा शब्द निघेना. माफी मागावी असं वाटलं, पण तेही जमेना. नुसत्या माफीच्या शब्दानं आता आप्पारावांची भीती थोडीच जाणार होती?

काहीच सुचेना म्हणून त्यांचे हात सवयीनं जोडले गेले. ताराबाईनं ते पाहिलं.

"प्रार्थना नका करू आता," ती शांतपणे म्हणाली. "जा तुमी."

प्रार्थना न करता एखाद्या घरातून उठून यायची छबुबाईंची ती पहिलीच वेळ.

घरी येऊन त्या ओट्यावर बसून राहिल्या. सगळं गमावून राखेत बसलेल्या माणसाची बायबलमधली गोष्ट त्यांनी बायकांना कितीतरी वेळा शिकवली होती. समजवायला येऊन त्यालाच दोष देणारे मित्र कुठं चुकले, हेही त्या फोड करून सांगायच्या. त्या मित्रांमध्ये आपणही बसलो आहोत, हे त्यांना आज दिसत होतं. देवानं दाखवलं असं आपण म्हणालो, ते खरंच त्यानं दाखवलं होतं, की आप्पाराव उठावेत असं आपल्यालाच फार वाटत होतं? त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी बराच वेळ टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्या जीवनकडं गेल्या.

"पाळकसाहेब, मला शिकवा."

"काय शिकवू?"

"आजाऱ्याजवळ कसं बसायचं ते."

जीवन चांगलेच गोंधळले. "मलाही ते पुरतं येत न्हाई, बाई. बरोबर चला. फक्त एक पाळा. समोरच्यानं मागितल्याबिगर प्रार्थना करायची न्हाई, आन् उपदेशही न्हाई."

ऐकायला सोपं होतं. पहिल्याच घरी अर्धांगवायू झालेले एक म्हातारे होते. ते रडत बोलू लागले, आणि थोड्याच वेळात छबुबाई त्यांना धीर कसा धरावा हे सांगत सुटल्या. म्हातारे गप्प झाले. परतताना जीपची वाट बघत त्या म्हणाल्या, "बोललेच शेवटी मी."

"हो."

"परत न्याल का?"

"नेणार की."

पुढच्या खेपेला त्या कमी बोलल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा जास्त. शब्द दाताखाली दाबून बसताना त्यांना घाम फुटायचा. पण आजारी माणसं त्या गप्प बसल्यावर काय काय सांगतात, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

एका रविवारी उपासना संपता संपता त्या उठल्या. "आप्पारावांबद्दल मी इथंच बोलले होते, म्हणून इथंच सांगते. त्यांचा विश्वास कमी न्हवता. देवानं दाखवलं असं मी म्हणाले, ते माझ्याच मनातलं होतं. मी चुकले." एवढं बोलून त्या खाली बसल्या. काही बायकांना ते आवडलं नाही. पाळकीणबाईच अशा बोलायला लागल्या तर आपण कुणाकडं बघायचं, अशी कुजबुज झाली. बुधवारच्या सभेला येणाऱ्या कमी झाल्या. छबुबाई उरलेल्यांना घेऊन बसत राहिल्या, आणि आता त्या सांगण्याआधी विचारत.

ताराबाईच्या कानावर हे गेलं असणार. तिच्याकडून मात्र काही निरोप आला नाही.

ज्वारीची काढणी उरकत आली तेव्हा तिचा फोन आला. "बायनाबाई, माझी नणंद. तिला कॅन्सर झालाय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. लई घाबरलीय. येता का?"

"पाळकसाहेबांना धाडू का? मी..."

"तिला बाईमाणूस पाहिजे. तुमीच या."

ताराबाई बायनाबाईच्या घरासमोर उभी होती. दारातच छबुबाई थांबल्या. "ताराबाई, मी काय करू आत जाऊन? तूच सांग."

ताराबाईनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. "तिचे पाय लई दुखतात. ते दाबा. बोलली तर ऐका. देव नाराज हाय का, असं ती विचारील. तवा न्हाई म्हणा."

छबुबाई आत जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. बायनाबाईचे पाय काटकीसारखे झाले होते. त्या हळूहळू दाबू लागल्या. पुष्कळ वेळानं बायनाबाईनं विचारलं, "पाळकीणबाई, देव नाराज हाय का हो माझ्यावर?"

"न्हाई, बायना."

"कशावरून?"

छबुबाई पाय दाबत राहिल्या. "समदं मला कळत न्हाई. पण तो तुला सोडून जायचा न्हाई, एवढं मी धरून हाय."

बायनाबाईनं डोळे मिटले. दारात उभी असलेली ताराबाई म्हणाली, "जरा वर दाबा, गुडघ्याच्या खाली. तिथं दुखतंय तिला."

छबुबाईंनी हात वर सरकवला आणि विचारलं, "इथं का?"

"हां," ताराबाई म्हणाली. "तिथंच."