बर्फावरच्या गाडीची खांदशेकणी

आमच्या घरी पोळ्याला गाडीला कोरडी हळद लावतात. तेल लावत नाहीत. सुनांनी हा नियम माझ्याकडून निमूटपणे घेतला. कारण मात्र कोणी विचारले नाही, आणि न विचारता सांगत बसण्याची मला सवय नाही. पण ज्या माणसामुळे हे घर उभे राहिले, त्याचे उपकार माझ्याबरोबर चितेवर जाऊ नयेत, म्हणून आज सांगते.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली माझे यजमान मारोतराव भंडारा जिल्ह्यातले गाव सोडून भिलाईला आले. रशियाच्या मदतीने पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जमीन आणि बैलजोडी थोरल्या दिरांकडे राहिली, आणि आम्ही कारखान्याजवळच्या रुआबांधा गावात मातीच्या एका खोलीत संसार मांडला. हे बांधकामावर खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होते. दिवसभर लोखंड ओढायचे. पण नजर सारी यंत्रांकडे. ते वेड सफोनोव साहेबांनी ओळखले.

सफोनोव साहेब रशियातल्या डोंगराळ मुलखातले मेकॅनिक. त्यांच्याजवळ बाजूला डबा जोडलेली एक हिरवी मोटारसायकल होती. एकदा आमच्या अंगणात बसून त्यांनी मला एक फोटो दाखवला. पांढऱ्याशुभ्र डोंगराच्या उतारावर तशीच गाडी उभी होती, पण बाजूच्या डब्याखाली चाकाऐवजी पुढून वर वळलेली लाकडी पट्टी होती.

"हा तं आपला पाटा आहे!" मी म्हणाले. "रोवणीच्या आधी चिखलावर बैलाच्या मागं फिरवते, तो."

यजमानांनी ते हिंदीत समजावले. साहेबांनी माझ्याकडे आदराने पाहिले. "बराबर," ते म्हणाले. "बर्फ में पहिया डूबता है, लकड़ी नहीं डूबती."

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी कधी विसरले नाही. त्यांच्या डोंगरात गाडी वाटेत बंद पडली तर माणूस घरी परतत नाही. म्हणून बर्फातून आल्यावर आधी गाडी पुसायची आणि मगच जेवायला बसायचे. आमच्याकडे बैलांच्या बाबतीत हीच रीत होती. सातासमुद्रांपलीकडचा तो माणूस मला त्या क्षणी आमच्या गावचा वाटला.

पुढे आषाढात साहेब दोन महिन्यांच्या रजेवर मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी गाडी आमच्या छपरीत ठेवली. यजमानांना म्हणाले, "जैसी छोड़ी, वैसी मिली, तो तू गॅरेज में फिटर. नहीं तो फिर खलाशी."

यजमानांनी त्या गाडीची सेवा केली, दुसरा शब्द नाही. दर रविवारी इंजिन चालू करायचे, प्लग काढून घासायचे, चाकांतला चिखल काडीने कोरायचा. गावच्या उतारावरून नाल्यापर्यंत एक फेरी मारायची, आणि परत आल्यावर आधी गाडी पुसायची.

साहेब नेमके पोळ्याच्या सकाळी येणार होते. आदल्या दिवशी यजमान कामावर होते. गावाकडे असते तर त्या दिवशी मी बैलांची खांदशेकणी केली असती. वर्षभर जू वाहिलेले खांदे तूप-हळदीने चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे. हात रिकामे बसवेनात. घरात तूप नव्हते, जवसाचे तेल होते. त्यात हळद कालवली आणि छपरीत जाऊन त्या गाडीला अंगभर चोळले. जिथे जिथे काही हलते, तिथे तिथे ओतले. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध एकेक गोल डबा होता. त्यांतल्या दांडीजवळच्या फटीतून पळसाच्या पानाचा द्रोण करून चांगले पोटभर पाजले. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शेजारची रुक्मा कुडावरून पाहत होती. "काय वो गिरजाबाई, आता इंजिनाले पूजता? शेण कुठं टाकते मंग हे?"

"तुह्या अंगणात नाही टाकत, एवढं पाय!" मी म्हणाले.

यजमान थकून आले. गाडी चमकताना पाहून हसले आणि झोपी गेले.

सकाळी साहेब आले. गाडीभोवती एक फेरी मारून खुशीत बाजूच्या डब्यात बसले. यजमानांनी गाडी काढली. मी दारातून पाहत होते. उतार लागला, नाला जवळ आला. पण गाडी हळू होईना. "मारोत, ब्रेक! ब्रेक!" अशी साहेबांची आरोळी ऐकू आली, आणि गाडी बांध ओलांडून धानाच्या चिखलभरल्या बांधीत शिरली. कोणाला लागले नाही, हे देवाचे देणे. मात्र डब्याखालचे चाक पार बुडाले, आणि गाडी रेटावी तितकी आणखी रुतू लागली.

मी दारापुढच्या चिखलावर टाकलेली फळी उचलली आणि धावले.

"अवो, रेटू नका! डबा उचला, चाकाखाली हे सरकवा!"

फळी खाली जाताच डबा चिखलावर तरंगला, आणि धावून आलेल्या शेजाऱ्यांसह चौघांनी ओढताच गाडी बांधावर आली. साहेबांनी फळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. पण हसले नाहीत. खाली बसून त्यांनी मागचे चाक उघडले. पिवळे तेल त्यांच्या बोटांवरून ओघळले. त्यांनी ते हुंगले.

"यह क्या है?"

यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि सारे ओळखले. "साहब, गलती मेरी है," ते म्हणाले.

दोन महिन्यांची सेवा आणि पुढचे सारे आयुष्य हा माणूस माझ्यासाठी चिखलात टाकत होता. ते मला सोसवले नाही. पदर सावरून मी पुढे झाले.

"साहेब, तेल मी टाकलं. यायले मालूम बी नव्हतं."

"कावून टाकलं वं?" यजमान पुटपुटले.

"बैलाचे खांदे चोळतो ना आपण! दुसरा बैल कुठं आहे आपल्याजवळ?"

यजमानांनी ते जसेच्या तसे सांगितले. साहेबांनी बोटांवरचे तेल फडक्याला पुसले. मग म्हणाले की त्यांचे वडील पहिल्या बर्फाआधी घसरगाडीच्या पट्ट्यांना हंसाची चरबी चोळत आणि तिच्याशी बोलतही. पण लगेच आवाज कठोर झाला. "ब्रेक को तेल नहीं पिलाते. मेरे पहाड़ पर होते, तो मारोत नहीं, मैं भी नहीं. गाड़ी वैसी नहीं है, जैसी मैंने छोड़ी थी. शाम तक वैसी करो. फिर देखूँगा."

माफी दिली असती तर मी विसरून गेले असते. त्यांनी संधी दिली, म्हणून जन्मभर ऋणी राहिले.

पोळ्याचा स्वयंपाक तसाच ठेवला. यजमानांनी ब्रेकच्या पट्ट्या काढून पेट्रोलने धुतल्या आणि उन्हात पूर्ण सुकवल्या. मग मी त्या तव्यावर, मंद निखाऱ्यांवर भाजल्या. आत मुरलेले तेल धूर होऊन निघत होते. पुन्हा घासल्या, पुन्हा भाजल्या. रुक्मा आली, काही बोलायला तोंड उघडले, आणि माझा चेहरा पाहून गुपचूप निखारे फुंकू लागली. त्या तव्यावर पुन्हा कधी भाकरी झाली नाही.

दिवस मावळायच्या आधी साहेब आले. उताराच्या पायथ्याशी त्यांनी आपली टोपी जमिनीवर ठेवली आणि डब्यात जाऊन बसले. यजमानांनी गाडी उताराच्या माथ्यावरून सोडली. मी डोळे मिटले नाहीत. पुढचे चाक टोपीपासून वीतभर अंतरावर थांबले.

साहेब उतरले. टोपी झटकून डोक्यावर घातली. "फिटर," एवढेच म्हणाले.

मग माझ्या पूजेच्या ताटातली कोरडी हळद चिमटीत घेऊन दोन्ही ब्रेकच्या डब्यांवर त्यांनी एकेक ठिपका लावला. "माँजी, यहाँ तेल नहीं. कभी नहीं." मी तेव्हा पंचविशीची, तरी त्यांच्या तोंडून "माँजी" ऐकताना मला संकोच वाटला नाही.

चार वर्षांनी कायमचे जाताना ती गाडी त्यांनी आमच्या छपरीतच ठेवली. यजमान गॅरेजातून फोरमन होऊन निवृत्त झाले. मुले शिकली, पक्के घर झाले.

पण त्या संध्याकाळी एवढे पुढचे काही ठाऊक नव्हते. पुरणपोळ्या वाढल्या होत्या. मी साहेबांसाठी पाट मांडला आणि म्हणाले, "बसा, साहेब." ते बसले नाहीत. त्यांनी आणि यजमानांनी आधी गाडी पुसली, दोघांनी मिळून, चाकांतला शेवटचा चिखल निघेपर्यंत. मग हात धुतले आणि जेवायला बसले.