नायकाचा कोट

तालमीत नायकाने नवा कोट चढवला, तर बटणंच लागेनात.

"वजन वाढलंय तुमचं," दिग्दर्शक म्हणाला. नायक बिचारा ओशाळला.

कपडेपट सांभाळणाऱ्या ताईला हे पटेना. तिने टेपने त्याची छाती मोजली. शिंप्याला दिलेल्या तक्त्यात माप चांगलंच कमी होतं.

तिने कॉम्प्युटरवर तक्ता उघडला. "दुसऱ्या फाइलच्या लिंक अपडेट करायच्या का?" हा नेहमीचा प्रश्न आला. रोज ती घाईत 'नाही' म्हणायची. आज तिने लिंकची यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. नवा तक्ता जुन्याची नक्कल करून बनवलेला, त्यामुळे मापं अजून गेल्या नाटकाच्या फाइलमधूनच येत होती. तेव्हाचा नायक म्हणजे अगदी काडीपैलवान!

तिने या नाटकाची फाइल जोडताच आकडे झरझर बदलले.

"अहो, तुमचं काही वाढलेलं नाही. आमचा तक्ता भलत्याच माणसाची मापं देत होता."

"हे जरा दिग्दर्शकांना सांगा," नायक म्हणाला, "आणि मोठ्याने!"

तिने सांगितलं, तशी अख्खी तालीम हसत सुटली. दिग्दर्शकाने कान पकडले. शिंप्याने शिवणीत कापड राखलं होतं, त्यामुळे कोट लगेच सैल झाला. नायक त्यात असा काही रुबाबात चालत आला, की ताई कौतुकाने बघतच राहिली.